वारशात आलेलं जुनं चिनी चांदीचं नाणं: खरं की खोटं, आणि किंमत किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या नाण्यांचा नाद आहे म्हटल्यावर ओळखीपाळखीतून फोटो येत राहतात. त्यांतल्या चिनी नाण्यांच्या फोटोंत बहुतेक वेळा एकच चेहरा असतो: भलंमोठं गोल डोकं, झुपकेदार मिशी, लष्करी कोट. खाली मजकूरही ठरलेला, "पणजोबांचं आहे. चीनच्या राजाचं. किती मिळतील?" दर वेळी तेच ते टाइप करून बोटं दुखली, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतोय. घाईत असाल तर वजनाचा आणि पाण्याचा असे दोन प्रश्न तेवढे वाचा. निम्म्या लोकांचं काम तिथेच संपतं.

चिनी वाचता येत नाही. नाणं कोणतं आहे ते कसं ओळखू?

चित्रावरून. अक्षरं वाचायची गरज फारशी पडत नाही.

मिशीवाला, डावीकडे तोंड केलेला माणूस असेल तर तो युआन शिकाई. हा राजा नव्हे, चिनी प्रजासत्ताकाचा अध्यक्ष. डिसेंबर १९१५ मध्ये त्यानं स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं खरं, पण मार्च १९१६ मध्ये ते मागे घ्यावं लागलं आणि त्याच जूनमध्ये तो वारला. चिनी लोक या नाण्याला 'युआन दा थौ' म्हणतात, म्हणजे 'मोठ्या डोक्याचा युआन'. नाव अगदी शोभतं. मागच्या बाजूला धान्याच्या दोन लोंब्या आणि त्यांच्यामध्ये 'एक युआन' असा अर्थ असलेली दोन अक्षरं असतात.

माणसाला मिशी आहे, पण चेहरा शिडशिडीत आहे आणि मागे दोन शिडांचं गलबत आहे, तर तो सुन यत्सेन, चिनी प्रजासत्ताकाचा संस्थापक. हे 'जंक डॉलर' म्हणून ओळखलं जातं, जंक म्हणजे चिनी गलबत. गलबताऐवजी मागे इंग्रजीत 'मेमेंटो' आणि 'बर्थ ऑफ रिपब्लिक ऑफ चायना' असं असेल तर ते सुन यत्सेनचं स्मारक नाणं.

एका बाजूला विळखे घातलेला ड्रॅगन आणि भोवती इंग्रजीत 'क्वांग-तुंग प्रॉव्हिन्स' किंवा 'हू-पेह प्रॉव्हिन्स' असं काही असेल तर ते चिंग राजवटीच्या शेवटच्या काळातलं प्रांतिक नाणं. यांची सुरुवात १८८९ मध्ये कँटनच्या टांकसाळीत झाली, बर्मिंगहॅमहून आणलेल्या यंत्रांवर. खालच्या कडेला '७ मेस अँड २ कँडरीन्स' लिहिलेलं असतं. ती किंमत नाही, ते वजन आहे. चिनी तोळ्याच्या, म्हणजे 'टेल'च्या हिशेबातलं, साधारण २६.८ ग्रॅम.

आणि हातात त्रिशूळ नि ढाल घेतलेली बाई उभी असेल, मागे समुद्रात जहाज, उलट्या बाजूला चिनी आणि अरबी वळणाची अक्षरं, तर थांबा. ते चिनी नाणंच नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण आपल्याकडच्या घरांत ते निघण्याला सबळ कारण आहे.

एक छोटा प्रकार आणखी. आपल्या जुन्या राणीछाप रुपयाएवढं, ११ ग्रॅमच्या आसपास, पण राणीच्या जागी चिनी टोपीतला पुरुष. हा चीनच्या सेचुआन प्रांताचा रुपया. तिबेटात व्हिक्टोरियाचा रुपया इतका बोकाळला होता, की त्याला तोंड द्यायला चीननं त्याच मापाचं, त्याच धाटणीचं नाणं पाडलं.

साल कसं काढायचं?

प्रजासत्ताकाचं पहिलं वर्ष १९१२. म्हणून नाण्यावरच्या आकड्यात १९११ मिळवायचे.

युआनच्या डोक्यावर अक्षरांची कमान आहे, ती उजवीकडून डावीकडे वाचायची. सहा अक्षरं असतील तर ते तिसरं वर्ष, म्हणजे १९१४. डावीकडून दुसरं अक्षर बघा, एकाखाली एक तीन आडव्या रेघा दिसतील. सात अक्षरं असतील तर आकडा डावीकडून तिसरा: छपरासारख्या पण वर न जुळलेल्या दोन तिरक्या रेघा म्हणजे ८ (१९१९), अधिकचं चिन्ह म्हणजे १० (१९२१), आणि या दोन्हींत न बसणारं, शेपटीला आकडी असलेलं अक्षर म्हणजे ९ (१९२०). एक युआनच्या मोठ्या नाण्यावर ही चारच सालं आहेत. पाचवं कोणतं दिसलं तर पुढचं वाचायची तसदी घेऊ नका. तीन आडव्या रेघांच्या नाण्यात सात अक्षरं, किंवा आठव्या वर्षाच्या नाण्यात सहा, असं दिसलं तरी तेच.

गलबतवाल्या नाण्यावर २१, २२ किंवा २३ असतं: दोन रेघा, अधिक, मग एक, दोन किंवा तीन रेघा. म्हणजे १९३२, १९३३, १९३४. १९३२ च्या नाण्यात गलबतावर तीन पक्षी आणि बाजूला उगवता सूर्य आहे. जपाननं नुकताच मांचुरिया गिळला होता. सूर्य जपानचा आणि पक्षी त्याची विमानं वाटतात अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी दोन्ही गायब झाले, असं सांगितलं जातं. पक्षीवालं नाणं आज बरंच दुर्मिळ आहे.

नाण्यावरचं साल म्हणजे ते पाडल्याचं साल, असं मात्र धरून चालू नका. युआन मेल्यावरही त्याचा चेहरा चालूच राहिला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिबेटात खर्च करण्यासाठी कम्युनिस्ट सरकारनंही हेच नाणं पाडलं. तिबेटी माणूस कागदी नोट घेईना, मोठं डोकं मात्र घेई.

पण आमच्या कोकणातल्या घरात चिनी नाणं येईलच कसं?

येऊ शकतं, आणि वाटा बऱ्याच आहेत. मुंबईतून कँटनला कापूस आणि अफू जात असे, बदल्यात चांदी येई. त्यातली बहुतेक इथल्या टांकसाळीत वितळून रुपये झाली. रत्नागिरीकडचे खलाशी आगबोटींवरून हाँगकाँग-शांघायपर्यंत जात. १९०० मध्ये बॉक्सर बंडाच्या वेळी हिंदी पलटणी पेकिंगपर्यंत गेल्या होत्या. गोव्याची माणसं पोर्तुगीज अमलाखालच्या मकावला नोकरीनिमित्त जात. सिंगापूर, मलायाचं तर सांगायलाच नको.

आता ती त्रिशूळवाली बाई. ती ब्रिटानिया, ब्रिटनचं प्रतीक, आणि नाणं म्हणजे ब्रिटिश ट्रेड डॉलर. हाँगकाँग आणि सिंगापूरच्या व्यापाऱ्यांना चांदीच्या डॉलरचा तुटवडा पडत होता, म्हणून १८९५ पासून हे नाणं पाडायला सुरुवात झाली. पाडलं कुठे? मुख्यतः आपल्या मुंबईच्या टांकसाळीत, फोर्टमध्ये आज रिझर्व्ह बँकेसमोर जी आहे तिथेच. भिंग घेऊन त्रिशूळाचं मधलं टोक बघा. त्यात मुंगीएवढं 'बी' दिसेल. ते बॉम्बेचं बी. कलकत्त्याच्या नाण्यांवर 'सी' असतं. वजन २६.९५ ग्रॅम, कस ९००. १९२१ आणि १९३५ ही सालं दुर्मिळ, बाकीची बरीचशी सहज मिळणारी.

माझ्या आजीच्या देव्हाऱ्यात दोन 'चिनी रुपये' होते. तिचे वडील बोटीवर होते, त्यांनी आणलेले. आम्हा पोरांना दोन्हींची एकच गोष्ट सांगितली जाई: चीनच्या राजानं खूश होऊन बक्षीस दिलं. आजी गेल्यावर मी दोन्ही काट्यावर ठेवले. एक निघाला मुंबईत पाडलेला ट्रेड डॉलर, वजनाला चोख. दुसरा मिशीवाला युआन भरला १९.८ ग्रॅम. मुलामा उडालेल्या कडेवर आतलं पितळ दिसत होतं. मुळातच खोटं गळ्यात मारलं, की मधल्या काळात कुणी बदललं, हे आता कळायला मार्ग नाही. पण तेव्हापासून मी कुणाच्याही पणजोबांची गोष्ट नाण्याच्या बाजूचा पुरावा म्हणून धरत नाही. गोष्ट खरी आणि नाणं खोटं असू शकतं. उलटंही होतं.

घरी तपासायचं तर सुरुवात कशानं करू?

वजनानं. ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. स्वयंपाकघरातला नको, तो एकेक ग्रॅमच्या उड्या मारतो.

युआन शिकाई, सुन यत्सेन आणि ड्रॅगन या सगळ्यांची मोठी नाणी २६.४ ते २७ ग्रॅमच्या दरम्यान भरायला हवीत. बरंच झिजलेलं असेल तर थोडं कमी. जुन्या तोळ्याच्या भाषेत सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त. व्यास ३९ मिलिमीटरच्या आसपास. तुलनेसाठी, पंचम जॉर्जचा रुपया ३०.५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे चिनी नाणं त्याच्याशेजारी चांगलं पुरीएवढं दिसतं.

१८, २०, २२ ग्रॅम भरलं, तर विषय संपला. ही पर्यटकांना विकायची नक्कल असते, आणि लोकांनी मला दाखवलेल्यांत हीच सर्वांत जास्त. वजन बरोबर भरलं, तर पुढच्या परीक्षेला पात्र झालं, एवढंच.

पाण्यातली परीक्षा म्हणतात ती कशी करायची?

आर्किमिडीजचीच, फक्त मुकुटाऐवजी नाणं. मला घरगुती परीक्षांमध्ये सगळ्यात भरवशाची हीच वाटते.

काट्यावर प्लास्टिकचा पेला ठेवा, त्यात पाऊण पेला पाणी घ्या आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला शिवायच्या दोऱ्यानं चौकडी बांधा, पार्सलला सुतळी बांधतो तशी. आता दोरा हातात धरून नाणं पाण्यात सोडा. पूर्ण बुडालं पाहिजे, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. अंगाला बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच हलवून घालवा. हात स्थिर झाला की काट्यावर जो आकडा दिसेल तो नाण्याचा आकार, घनसेंटिमीटरमध्ये. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता.

नव्वद टक्के चांदीची घनता साधारण १०.३. म्हणजे २६.७ ग्रॅमच्या खऱ्या नाण्यानं काटा २.६ च्या आसपास दाखवायला हवा. पितळेची किंवा तांबं-निकेलची घनता साडेआठ-नऊच्या घरात असते. तेवढ्याच वजनाचं तसलं नाणं ३ किंवा थोडं वर दाखवेल. फरक छोटा दिसतो, पण दोन दशांशांच्या काट्यावर लपत नाही. तीन वेळा करून सरासरी घ्या. पहिल्या खेपेस हात थरथरतोच.

मग नाणं मऊ फडक्यावर ठेवून टिपा. पुसू नका, टिपा.

यातून कळतं ते फक्त धातूबद्दल. चांगल्या चांदीत पाडलेली खोटी नाणीही बाजारात आहेत. महागड्या दुर्मिळ प्रकारांची नक्कल करताना पंचवीस ग्रॅम चांदीचा खर्च कुणालाही परवडतो. अशी नक्कल या परीक्षेत ताठ मानेनं पास होते.

चुंबक, आवाज, बर्फ यांचं काय?

चुंबकाला चिकटलं तर खोटं. नाही चिकटलं तर काहीच सिद्ध होत नाही, पितळही चिकटत नाही. बर्फाचा तुकडा वितळवणं हा व्हिडिओपुरता खेळ आहे, तांबंही उष्णता झपाट्यानं वाहून नेतं.

आवाजाला मात्र अर्थ आहे. बोटाच्या टोकावर नाणं तोलून पेन्सिलीनं कडेला हलकी टिचकी मारा. चांदी लांबवर किणकिणते, खोटं नाणं 'टक्' करून गप्प बसतं. जमिनीवर आपटून आवाज ऐकण्याची जुनी पद्धत कृपा करून नको. कडेला पडलेली एक खोक किमतीत दिसते.

डोळ्यांनी काय पाहायचं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, खिडकीशी बसा, नाणं हलकं तिरकं धरा.

आधी कड बघा. सर्वसाधारण नाण्यांची कड दातेरी असते. दाते सारख्या अंतरावर, सरळ हवेत. कडेच्या मधोमध गोल फिरलेली रेघ किंवा कानशीनं घासल्याच्या खुणा दिसल्या, तर नाणं दोन अर्ध्यांच्या साच्यात ओतलेलं आहे.

मग मोकळी जागा, म्हणजे अक्षरं आणि चेहरा यांच्या मधलं पटांगण. ठशानं पाडलेल्या नाण्यात ते गुळगुळीत असतं आणि अक्षरं त्यातून भिंतीसारखी ताठ वर येतात. ओतीव नाण्यात पटांगणावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि पुटकुळ्या असतात, आणि अक्षरं अर्ध्या वापरलेल्या साबणाच्या वडीवरच्या नावासारखी विरघळलेली दिसतात.

शेवटी झीज. ती आपल्या नियमानं होते. जे उंच ते आधी झिजतं: युआनच्या कानावरचे केस, गालाचं हाड, मिशी, खांद्यावरचं पदक. कोपऱ्याकोपऱ्यांत मळ साठतो आणि उंचवटे उजळ राहतात. खोट्या नाण्याला जुनं करणारा माणूस घाईत असतो. तो काळा रंग सगळीकडे सारखा फासतो. केस झिजून सपाट झालेत पण मिशीचा प्रत्येक केस मोजता येतोय, असं दिसलं की समजावं, ही झीज खिशात झालेली नाही.

हे करून झाल्यावर त्याच सालाच्या, खात्रीच्या नाण्याचा मोठा फोटो शेजारी उघडा आणि एकेक अक्षर ताडून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण चांदीतली नक्कल बहुधा इथेच पकडली जाते.

सराफाकडे घेऊन जाऊ का?

जा, पण दारातच सांगा: कसोटीच्या दगडावर घासायचं नाही, कानस लावायची नाही, ॲसिड टाकायचं नाही. सवयीनं त्यांचा हात दगडाकडे जातो. त्यांच्या दृष्टीनं ते चांदीचं डबोलं आहे, नाणं नव्हे.

त्यापेक्षा हॉलमार्किंग केंद्रात एक्सआरएफ यंत्र असतं, क्ष-किरणांनी धातू ओळखणारं. ओरखडाही न काढता धातूचं प्रमाण छापून मिळतं. युआनच्या नाण्यात चांदी ८९ टक्क्यांच्या आसपास, गलबतवाल्यात ८८, बाकी मुख्यतः तांबं. ९९.९ टक्के चांदी निघाली तर आनंद मानू नका, त्या काळी या नाण्यांत इतकी शुद्ध चांदी वापरतच नसत. हे यंत्र वरवरचा थरच वाचतं, त्यामुळे जाड मुलामा त्याला फसवू शकतो. म्हणून पाण्याची परीक्षा सोबत हवीच.

नाणं खरं पण साधं असेल, तर सराफ मोडीच्या भावापलीकडे सहसा देणार नाही. त्यात त्याची लबाडी नाही. त्याचा धंदा वेगळा आहे.

नाण्यावर बारीक बारीक चिनी शिक्के ठोकलेत. खराब झालंय का?

नाही. त्यांना 'चॉप' म्हणतात. चीनमध्ये नाणं हातात आलं की व्यापारी ते तपासून आपला छोटा शिक्का त्यावर ठोके: हे आम्ही पाहिलं, चांदी चोख आहे. दहा हातांतून गेलेलं नाणं दहा शिक्के घेऊन फिरे. कधीकधी ठोकून ठोकून नाणं वाटीसारखं होई.

गंमत अशी, की हाँगकाँगसारख्या बंदरांत नाणी पारखणाऱ्या माणसाला इंग्रज 'श्रॉफ' म्हणत. हा शब्द त्यांनी आपल्याकडूनच नेला, तो आपला सराफ. हाँगकाँगच्या पार्किंगमध्ये पैसे भरायच्या खिडकीवर आजही 'श्रॉफ' असं लिहिलेलं असतं.

किमतीत चॉपमुळे सहसा घट होते, पण चॉपवालीच नाणी गोळा करणारा वेगळा वर्ग आहे. बहुतेक चॉप दिसतात ते मेक्सिकोच्या गरुडछाप डॉलरवर आणि ट्रेड डॉलरवर. म्हणून चिनी शिक्के आहेत म्हणजे नाणं चिनीच, असंही नाही.

काळं पडलंय. उजळून घेऊ?

नको.

चिंच नको, लिंबू नको, रांगोळी, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर काहीही नको. चांदीचं चमकवणारं द्रावण तर मुळीच नको. तो काळसर-निळसर थर शंभर वर्षांत आपोआप चढलेला असतो आणि गिऱ्हाईक त्याचेच पैसे मोजतो. घासलेल्या नाण्यावर भिंगाखाली एकाच दिशेनं गेलेल्या बारीक रेघा दिसतात, त्या परत जात नाहीत.

आजीचा ट्रेड डॉलर दर धनत्रयोदशीला चिंचेनं लख्ख घासला जात असे. साठेक वर्षं. ब्रिटानियाचा चेहरा आता नुसता अंड्यासारखा आहे. नाणं शंभर टक्के खरं, आणि बाजारात त्याची किंमत चांदीएवढीच.

ठेवताना मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून चांदीवर हिरवट चिकट थर चढतो. ४० मिलिमीटरची कडक पारदर्शक डबी घ्या.

नाण्याला कडी डागलेली आहे. काढून घ्यावी का?

काढून डाग लपत नाही, उलट घासकाम वाढतं. राहू द्या. संग्राहकाच्या दृष्टीनं ते आता दागिना आहे. तसाच वापरा.

बरं, किंमत किती?

आधी तळ काढू. युआनच्या नाण्यात शुद्ध चांदी भरते पावणेचोवीस ग्रॅमच्या आसपास. त्या दिवशीचा ग्रॅमचा भाव गुणिले २३.८. हिशेबाच्या सोयीसाठी भाव १०० रुपये धरला तर २,३८० रुपये. नाणं खरं असेल तर याच्या खाली कुणालाही द्यायचं कारण नाही.

वर किती, ते तीन गोष्टींवर ठरतं: प्रकार, अवस्था, आणि कुणी छेडछाड केली आहे का.

सहज मिळणारे प्रकार: युआनचं ३, ९ आणि १० व्या वर्षाचं नाणं, सुन यत्सेनचं १९२७ चं स्मारक नाणं, १९३३ आणि १९३४ ची गलबतं. यांची वापरलेली नाणी चांदीच्या भावापेक्षा वर जातात, पण घर बांधून होत नाही. ८ वं वर्ष थोडं कमी दिसतं. पक्षीवालं गलबत त्याहून बरंच वरचं. स्मारक नाण्यावरच्या छोट्या चांदण्या मोजा: सहा टोकांच्या असतील तर १९२७ चं, पाच टोकांच्या असतील तर १९१२ चं आणि खूपच किमती. युआनच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा अक्षर असेल तर ते कान्सू प्रांताचं. खांद्याजवळ बारीक रोमन लिपीत 'एल. जॉर्जी' अशी सही असेल तर ते तिएनत्सिनच्या टांकसाळीत काम करणाऱ्या लुइजी जॉर्जी या इटालियन कारागिराचं नमुना नाणं. या शेवटच्या दोन प्रकारांची नावं ऐकून लोकांच्या डोळ्यांत चमक येते. माझ्या पोटात गोळा येतो. नक्कल करणारा माणूस स्वस्त नाण्याची नक्कल कशाला करेल?

अवस्थेनं तर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तिसऱ्या वर्षाचंच नाणं, एक झिजलेलं आणि एक टांकसाळीतून आल्यासारखं, यांच्या किमतीत कितीतरी पटींचं अंतर असू शकतं.

भाव पाहायचा तर विक्रेत्यानं सांगितलेला पाहू नका, लिलावात प्रत्यक्ष आलेला पाहा. स्टॅक्स बॉवर्स आणि हेरिटेज या लिलावघरांच्या संकेतस्थळांवर जुने निकाल मिळतात. शोधताना कॅटलॉगचा क्रमांक टाका: १९१४ च्या युआनचा वाय-३२९, पक्षीवाल्या गलबताचा वाय-३४४, पुढच्या दोन वर्षांचा वाय-३४५. तुमच्या नाण्याच्या अवस्थेशी जुळणारे तीन-चार निकाल बघा, सगळ्यात वरचा नव्हे.

ग्रेडिंग करून घ्यावं का? परदेशी पाठवता येतं का?

पीसीजीएस आणि एनजीसी या दोन अमेरिकन कंपन्या नाणं तपासून, १ ते ७० च्या मापात श्रेणी देऊन, सीलबंद डबीत घालून देतात. चिनी नाण्यांच्या बाजारात या डबीशिवाय मोठा गिऱ्हाईक हात लावत नाही. घासलेल्या नाण्याला आकडा मिळत नाही, 'डिटेल्स' असा शेरा मिळतो. साध्या, झिजलेल्या युआनसाठी खर्च आणि टपाल धरता हा उद्योग परवडत नाही.

आणि भारतात राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१४ ते १९२१ ची युआनची नाणी आणि बहुतेक ट्रेड डॉलर यात आले. "कुरिअरनं हाँगकाँगला टाक, कोण बघतंय" असं सुचवणारा चुलतभाऊ प्रत्येक घरात असतो. त्याचं ऐकू नका. शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा. सिंगापूर किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांचं नाणं आधीपासून तिकडेच असेल, तर त्यांना हा अडथळा नाही.

ग्रेड केलेलं नाणं विकत घ्यायचं असेल, तर डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून फोटो ताडून बघा. डब्याही खोट्या निघतात.

फोन आलाय: पंचवीस लाख देतो म्हणाले, फक्त नोंदणी फी भरायची आहे.

फोन ठेवा. नाणं विकणारा फी भरत नाही. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीच्या नावाखाली कमिशन नि कर उकळणाऱ्यांबद्दल बँकेनं स्वतः ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला होता.

मधोमध चौकोनी भोक असलेलं नाणं आहे. आणि एक होडीच्या आकाराचं.

भोकवालं पितळेचं किंवा काशाचं असतं, चांदीचं नव्हे. शिवाय फेंगशुईच्या दुकानातून आलेलं असण्याची शक्यता फार. होडीसारखी ती चांदीची लगड, खऱ्या लगडीवर टांकसाळीचे किंवा ओतणाऱ्याचे ठसे असतात. तिचा अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, माझा नाही.

खोटं निघालं. आता काय?

खोटं म्हणून चिठ्ठी लिहून ठेवा. विकणार असाल तर नक्कल म्हणूनच विका. माझ्याकडचा १९.८ ग्रॅमचा युआन मी शाळेतल्या मुलांना पाण्याची परीक्षा दाखवायला नेतो. एका मुलीनं घनता ८.४ काढून, "काका, तुम्हाला फसवलं," असं सगळ्या वर्गासमोर जाहीर केलं.

लक्ष्मीपूजनात ठेवलं तर चालेल का? आई ऐकत नाही.

ठेवा की. फक्त पंचामृत त्यावर पडू देऊ नका आणि हळदकुंकू थेट लावू नका. ओलं कुंकू चांदीच्या खाचांत बसतं. आमच्याकडे तडजोड झाली आहे. ट्रेड डॉलर कडक डबीत बंद करून पाटावर ठेवतो आणि आई डबीलाच कुंकू लावते. पहिल्या वर्षी ती म्हणाली, "लक्ष्मीला काचेत कोंडलंस." दुसऱ्या वर्षी कापडानं डबी पुसून ठेवताना तिनंच विचारलं, "ते बी कुठंय रे, दाखव जरा भिंगातून."